लॅटिनचे ‘कोणीतरी’ आणि ‘कोणीही’ चालवताना परत परत तेच चुकतंय? आधी शब्द कापा

प्रॉब्लेम सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. नामांचे पाचही गट झालेले असतात, क्रियापदं बऱ्यापैकी बसलेली असतात, ‘कोण’ आणि ‘जो’ ही सर्वनामं झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात, आणि मग पुस्तकात अनिश्चित सर्वनामांचा धडा येतो आणि तिथून पुढे वहीत नुसती लाल शाई. क्वीदम् (‘एक कोणी’) ची द्वितीया कोणी क्वीदमेम् लिहितो, कोणी क्वीदम् लाच द्वितीया समजतो कारण शेवटी अम् दिसतंय ना. अलिक्विस् (‘कोणीतरी’) चं स्त्रीलिंगी रूप अलिक्व हवं तिथे अलिक्वाइ पडतं. ‘जर कोणी’ म्हणताना सी अलिक्विस् लिहून मोकळे होतात. नपुंसकलिंगात क्विद् लावायचं की क्वोद् हे तर सरळ नाणं उडवून ठरतं. मग धडा परत पाठ करायचा, चार दिवस बरं वाटतं, पुढच्या उताऱ्यात परत तीच बोंब.

माझं म्हणणं असंय की पाठांतर कमी पडत नाहीये, बघायची जागा चुकतीये. आपल्याला सवय लागलेली असते शब्दाच्या शेवटाकडे बघून विभक्ती ओळखायची, आणि या शब्दांमध्ये शेवट हा बहुतेक वेळा मेलेला असतो, तो कधीच बदलत नाही, बदल होतो तो पोटात.

पुढे जायच्या आधी लिपीबद्दल थोडं. इथे लॅटिन शब्द देवनागरीतच लिहितोय, जुन्या रोमन उच्चाराप्रमाणे (चर्चमध्ये म्हणतात तो उच्चार वेगळा, तिथे क्वाइ चा क्वे होतो). अक्षराचा पाय मोडलेला असेल तर शब्द व्यंजनावर संपतो, मोडलेला नसेल तर शेवटचा अ पूर्ण म्हणायचा, मराठीत गिळतो तसा गिळायचा नाही. या लिपीचा एक मोठा फायदा म्हणजे ऱ्हस्व अ आणि दीर्घ आ डोळ्याला वेगळे दिसतात, रोमन लिपीत त्यासाठी स्वरावर आडवी रेघ द्यावी लागते आणि नेहमीच्या छापील पुस्तकांत ती नसतेच. ए आणि ओ मध्ये मात्र आपली लिपीही हात वर करते. विभक्त्यांना शाळेतल्या संस्कृतचीच नावं वापरतो, फक्त पंचमी म्हणताना लक्षात ठेवा की लॅटिनमध्ये तृतीया आणि सप्तमीचंही बरंचसं काम तिच्याच गळ्यात पडलेलं आहे.

आता इलाज. शब्द दिसला की आधी तो कापायचा आणि आत ‘क्विस्’ म्हणजे ‘कोण’ कुठे आहे ते शोधायचं. मागे चिकटलेले तुकडे मोजकेच आहेत: -दम्, -क्वे, -क्वम्, -पिअम्, -वीस्, -लिबेत्, -कुम्क्वे. पुढे चिकटणारे दोनच लक्षात ठेवण्यासारखे: अलि- आणि एक्-. हे तुकडे म्हणजे अव्ययं, यांना हात लावायचा नाही. तुकडा बाजूला काढला की उरतं ते साधं ‘कोण’, आणि ते तर तुम्हाला येतंच. तरी एकदा समोर असू दे, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग या क्रमाने:

एकवचन प्रथमा: क्विस् (नामाबरोबर क्वी), क्वाइ किंवा क्व, क्विद् (नामाबरोबर क्वोद्)
द्वितीया: क्वेम्, क्वम्, क्विद् किंवा क्वोद्
षष्ठी: तिन्ही लिंगांत कुइयुस्
चतुर्थी: तिन्ही लिंगांत कुइ
पंचमी: क्वो, क्वा, क्वो
अनेकवचन प्रथमा: क्वी, क्वाइ, क्वाइ किंवा क्व
द्वितीया: क्वोस्, क्वास्, क्वाइ किंवा क्व
षष्ठी: क्वोरुम्, क्वारुम्, क्वोरुम्
चतुर्थी आणि पंचमी: क्विबुस्

ज्यांनी शाळेत किम् सर्वनाम चालवलंय त्यांची इथे एक खास चूक होते. संस्कृतमध्ये कस्य वेगळं, स्त्रीलिंगी कस्याः वेगळं, कस्मै वेगळं आणि कस्यै वेगळं, त्यामुळे डोकं आपोआप कुइयुस् चं स्त्रीलिंगी रूप शोधायला लागतं आणि सापडत नाही म्हणून एखादं स्वतःच बनवतं. नाहीये ते. एकवचनाच्या षष्ठी आणि चतुर्थीत लॅटिन लिंग बघतच नाही, कायद्याच्या पुस्तकातलं ‘कुइ बोनो’ म्हणजे ‘फायदा कोणाला’, तो कोण बाई असो की बुवा, कुइ तेच.

बाकी संस्कृत इथे शत्रू नाही, उलट सगळ्यात जवळचा मित्र आहे. कश्चित्, कंचित्, केनचित्, कस्यचित्, यात चित् हलतं का कधी? हलतो तो कः. लॅटिनवाल्यांची पद्धत हीच आहे, आणि योगायोग म्हणून नाही, लॅटिनचं क्विद् आणि संस्कृतचं चित् हे मुळात एकाच प्राचीन शब्दाचे वंशज, तसंच -क्वे आणि आपलं ‘च’. संस्कृत घेतलं नसेल तरी बिघडत नाही, कारण रोजच्या मराठीत आपण हेच करतो. कोणीतरी, कोणालातरी, कोणाचंतरी, कोणाच्यातरी घरी. ‘कोणीतरीला दे’ असं म्हणालात तर लहान मूलही हसेल. तरी जागचं हलत नाही, विभक्ती कोणाला लागते आणि मग तरी येऊन बसतं. क्वीदमेम् लिहिणं म्हणजे बरोबर ‘कोणीतरीला’ लिहिणं. हे एकदा कानात बसलं की अर्ध्या चुका तिथेच संपतात असा माझा तरी अनुभव आहे, शिकवतानाचा.

आता क्वीदम् नीट बघू कारण सगळ्यात जास्त हाच सापडतो. कापा: क्वी + दम्. चालवा: क्वीदम्, क्वाइदम्, नपुंसकात क्विद्दम् किंवा क्वोद्दम्. षष्ठी कुइयुस्दम्, चतुर्थी कुइदम्. पंचमी क्वोदम्, क्वादम्, क्वोदम्. इथे क्वोदम् आणि क्वोद्दम् यांत एका द चा फरक आहे, एक पंचमी, दुसरी नपुंसकी प्रथमा-द्वितीया, घाईत वाचताना हटकून गल्लत होते, तेव्हा द मोजा. आणि द्वितीया? क्वेम् + दम् म्हणजे क्वेम्दम् यायला हवं होतं, पण पुस्तकात दिसतं क्वेन्दम्. स्त्रीलिंगी क्वन्दम्. अनेकवचनी षष्ठीत क्वोरुन्दम्, क्वारुन्दम्. हा म् चा न् कुठून आला म्हणून लोक अडतात आणि ‘अपवाद’ म्हणून वेगळा पाठ करतात. अपवाद कसला, हा तर सरळ परसवर्ण आहे! कम् + चित् चं कञ्चित् होतं तेव्हा पुढच्या च मुळे म् चा ञ् झाला, इथे पुढे द आहे म्हणून न् झाला. तोंड तेच, नियम तोच. ‘तोच’ या अर्थाच्या ईदेम् मध्येही हेच घडतं, एउन्देम्, एअन्देम्, एओरुन्देम्. एक नियम, दोन शब्दांना पुरतो. काही ठिकाणी क्वेम्दम् असं छापलेलंही दिसेल, घाबरू नका, तेच ते.

क्वीदम् चे दोन डुप्लिकेट आहेत आणि दोघंही चालत नाहीत, अव्ययं आहेत. एक क्विदेम्, म्हणजे ‘खरंतर, तर’ या अर्थाचं, त्यात ए आहे. दुसरं क्वोन्दम्, म्हणजे ‘एके काळी’. आणि गोष्टी सांगताना लॅटिन लेखक ‘एके काळी एक कोणी माणूस’ म्हणतो तेव्हा क्वोन्दम् आणि क्वीदम् शेजारी शेजारीही येतात, मग विद्यार्थी क्वोन्दम् ला क्वन्दम् समजून त्याला जोडायला एक स्त्रीलिंगी नाम शोधत बसतो. नाम मिळत नाही. मिळणार कुठून. तेव्हा क्वोन्दम् दिसलं की जोडीदार शोधायचा नाही, पुढे जायचं.

अर्थाचंही इथेच सांगून टाकतो कारण त्यावरून रूप निवडणं सोपं होतं. क्वीदम् म्हणजे ‘एक कोणी’, बोलणाऱ्याला माहिती आहे किंवा निदान एक ठरावीक माणूस आहे, नाव सांगायचं नाहीये किंवा गरज नाहीये. अलिक्विस् म्हणजे ‘कोणीतरी’, कोण ते ठाऊकच नाही. लॅटिन बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या सामरी माणसाची गोष्ट उघडा, यरुशलेमहून यरीहोला उतरणारा होमो क्वीदम्, मग वाटेने आलेला साकेर्दोस् क्वीदम्, आणि शेवटी मदत करणारा समरीतानुस् … क्वीदम्. तिघंही ‘एक माणूस’, ‘एक याजक’, ‘एक सामरी’. अलिक्विस् घालून बघा, गोष्टच मोडते. वसई किंवा गोव्याकडच्या ज्या वाचकांच्या घरात जुनी लॅटिन प्रार्थनापुस्तकं आहेत त्यांनी ती या नजरेने चाळून बघावी, क्वीदम् ची रूपं ढिगाने मिळतील.

अलिक्विस् मध्ये मात्र उलटा कारभार. इथे मेलेला तुकडा पुढे आहे, अलि-, त्यामुळे शेवट मोकळा आहे आणि नेहमीसारखा शेवटाकडे बघून चालतं. अलिकुइयुस्, अलिकुइ, अलिक्वेम्, अलिक्वो, सगळं सरळ. मग लोक चुकतात कुठे, तर स्त्रीलिंगी प्रथमेत. क्वीदम् मध्ये क्वाइदम् बघितलेलं असतं, म्हणून इथेही अलिक्वाइ लिहितात. एकवचनात ते नाही, अलिक्व आहे. अलिक्वाइ हे फक्त स्त्रीलिंगी अनेकवचन. लक्षात ठेवायची युक्ती अशी की मागे तुकडा चिकटलेला असेल तर क्वाइ टिकतं (क्वाइदम्, क्वाइक्वे, क्वाइवीस्, क्वाइपिअम्), मागे काही नसेल तर क्व व्हायला मोकळीक आहे. अलिक्विस् ने ती पूर्ण घेतलीये, नुसत्या क्विस् मध्ये दोन्ही चालतात.

आणि हे अलिक्व एकटंच तीन नोकऱ्या करतं असं वाटतं, छापील रोमन लिपीत तरी. स्त्रीलिंगी प्रथमा एकवचन, नपुंसकलिंगी अनेकवचनाची प्रथमा-द्वितीया, आणि स्त्रीलिंगी पंचमी. पहिल्या दोन खरंच सारख्या, ऱ्हस्व अ, पण तिसरी अलिक्वा, दीर्घ. पुस्तकात रेघ नसेल तर शेजारचं नाम बघा. सोबत ‘रे’ म्हणजे ‘रेस्’ ची पंचमी असेल तर अलिक्वा रे, ‘कुठल्यातरी गोष्टीमुळे’. सोबत काहीच नसेल आणि क्रियापद अनेकवचनी असेल तर ‘काही गोष्टी’. कविता असेल तर वृत्त मोजा, तिथे लघुगुरू आपोआप कळतो.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकं आपटलं जातं तो, क्विद् की क्वोद्. व्याकरणाच्या भाषेत एक सर्वनाम आणि एक विशेषण, पण हे वाक्य शंभरदा वाचूनही हात लिहिताना अडतोच. मराठीत करून बघा. ‘मी काहीतरी वाचतोय’ आणि ‘मी कुठलंतरी पुस्तक वाचतोय’. जिथे ‘कुठलंतरी’ किंवा ‘कोणतंतरी’ बसतं आणि पुढे नाम त्याच विभक्तीत उभं असतं तिथे क्वोद्: अलिक्वोद् ओपुस्, कुठलंतरी काम. जिथे फक्त ‘काहीतरी’ बसतं तिथे क्विद्: अलिक्विद् विदेओ, मला काहीतरी दिसतंय. (‘काहीतरी काम’ असंही आपण बोलतो, म्हणून टेस्ट करताना ‘काहीतरी’ नाही, ‘कुठलंतरी’ घालून बघायचं.) ही टेस्ट क्विद्दम्-क्वोद्दम्, क्विद्क्वे-क्वोद्क्वे, क्विद्वीस्-क्वोद्वीस् सगळ्यांना लागते.

यात एक गुंता आहे तो वेगळा सोडवायला हवा, कारण तिथे वरची टेस्ट वरवर फसल्यासारखी वाटते. क्विद् च्या पुढेही नाम किंवा विशेषण येऊ शकतं, पण षष्ठीत. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने ग्रीक लोकांची म्हण म्हणून दिलेलं वाक्य आहे, सेम्पेर् अलिक्विद् नोवी आफ्रिकम् अद्फेर्रे, आफ्रिका नेहमी काहीतरी नवं आणते. नोवी ही षष्ठी, शब्दशः ‘नव्याचं काहीतरी’. अलिक्वोद् नोवी कधीच नाही. मग लगेच विद्यार्थी ‘काहीतरी उपयोगी’ ला अलिक्विद् ऊतिलिस् लिहितो आणि परत मार्क जातात, कारण ही षष्ठीची सवलत नोवुस्-बोनुस् छाप विशेषणांना आहे, ऊतिलिस् सारख्या तिसऱ्या गटातल्यांना नाही, तिथे साधं अलिक्विद् ऊतिले.

आता सी क्विस्. नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो की सी, निसि, नुम् आणि ने यांच्यानंतर अलि- गळतं, इंग्रजी शाळांत तर यावर यमक जुळवून गाणं म्हणून घेतात. पण गाणं म्हणता येणं वेगळं आणि लिहिताना आठवणं वेगळं. मला वाटतं मराठी माणसाला गाण्याची गरजच नाही. ‘कोणी आलं तर सांग’ असं आपण म्हणतो, ‘कोणीतरी आलं तर सांग’ असं सहसा म्हणत नाही. ‘कोणी आलं का?’, तरी नाही. ‘कोणी बघू नये म्हणून दार लावलं’, परत तरी नाही. जर-तर, प्रश्न आणि ‘होऊ नये म्हणून’, बरोबर त्याच तीन जागा! तिथे मराठी ‘तरी’ टाकते आणि लॅटिन ‘अलि’ टाकते. मुद्दाम जोर द्यायचा असेल, ‘अगदी कोणीतरी तरी’ अशा अर्थाने, तर सी अलिक्विस् ही सापडतं, पण ते लेखकाने ठरवून केलेलं असतं, तुम्ही व्यायामाच्या उत्तरात करू नका.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेचे (१५४५ ते १५६३) जे ठराव आहेत त्यातले कित्येक सी क्विस् दीक्सेरित् ने सुरू होतात, ‘जर कोणी असं म्हणेल की…’, आणि अनथेम सित् ने संपतात, ‘तो बहिष्कृत असो’. एक पान वाचलं तरी सी क्विस् कायमचं डोक्यात बसतं, विषय रुचो न रुचो.

पण एक वाक्य मी जवळून दाखवणार आहे कारण त्यात एकाच ठिकाणी दोन सापळे आहेत. इसवी सन पूर्व ४९ चा जानेवारी, सीझर अजून इटलीच्या सीमेवर, आणि रोमच्या सेनेटने त्याच्या विरोधात आणीबाणीचा ठराव केला. सीझरने स्वतः तो आपल्या यादवी युद्धाच्या वृत्तांतात दिलाय: देन्त् ओपेरम् कोन्सुलेस्, प्राइतोरेस्, त्रिबूनी प्लेबिस्, क्वीक्वे प्रो कोन्सुलिबुस् सिन्त् अद् उर्बेम्, ने क्विद् रेस् पूब्लिक देत्रीमेन्ती कपिअत्. म्हणजे कॉन्सल, प्रीटर, जनतेचे ट्रिब्यून (ही सगळी रोमन अधिकारपदं) आणि प्रोकॉन्सल म्हणून जे शहराजवळ असतील त्यांनी, राज्याला काही इजा होऊ नये याची काळजी घ्यावी.

शेवटाकडून बघू. ने क्विद्: ने आहे म्हणून अलि- गळलं. क्विद् आहे, क्वोद् नाही, कारण त्याचं नाम देत्रीमेन्ती षष्ठीत आहे आणि तेही मध्ये रेस् पूब्लिक घुसवून लांब नेलेलं, म्हणून डोळ्याला जोडी लागत नाही. ‘इजेचं काही’. वाक्य वाचताना क्विद् एकटं दिसलं की जरा पुढे चार शब्द बघायची सवय लावा, षष्ठी कुठेतरी लोळत पडलेली असते. आता दुसरा सापळा, क्वीक्वे. वर मी सांगितलं की -क्वे दिसलं की कापा, तर कापलं, क्वी + क्वे, मग हे क्विस्क्वे म्हणजे ‘प्रत्येक’ याचं अनेकवचन का? रूप म्हणून अगदी तसंच दिसतं. पण नाही, इथे क्वी म्हणजे ‘जे’ आणि -क्वे म्हणजे साधं ‘आणि’. ओळखायचं कसं, तर पुढे त्याचं स्वतःचं क्रियापद आहे, सिन्त्, ‘असतील’. ‘जे’ ला स्वतःचं क्रियापद लागतं, ‘प्रत्येक’ ला लागत नाही. शिवाय क्विस्क्वे अनेकवचनात फार क्वचित येतं. त्यामुळे क्वीक्वे, क्वाइक्वे, क्वेम्क्वे असं काही वाक्यांशाच्या तोंडाशी दिसलं की आधी ‘आणि जो’ लावून बघा, ‘प्रत्येक’ नंतर.

याचं कारण असं की क्विस्क्वे ला पुढे बसायला आवडतच नाही. ते कोणाच्यातरी मागे लागतं. ‘स्वतःचं’ च्या मागे: सुउम् कुइक्वे, रोमन कायद्यात न्यायाची व्याख्या करताना येतं ते, आणि मराठीत तर त्याला इतकं नेमकं उत्तर आहे की भाषांतर करावंच लागत नाही, ज्याचं त्याला. अतिशयदर्शक विशेषणाच्या मागे: ओप्तिमुस् क्विस्क्वे, चांगले म्हणून जेवढे तेवढे सगळे, क्रियापद मात्र एकवचनी. आणि क्रमवाचक संख्येच्या मागे, जिथे रूपाची आणि गणिताची अशा दोन्ही चुका होतात. सिसिलीबद्दल रोमन वक्ता सिसेरो लिहितो क्वीन्तो क्वोक्वे अन्नो सिकिलिअ तोत केन्सेतुर्. हे क्वोक्वे म्हणजे क्विस्क्वे ची पंचमी, क्वो + क्वे. पण ‘सुद्धा’ या अर्थाचं एक अव्ययही क्वोक्वे असंच लिहितात, त्यात पहिला ओ ऱ्हस्व, यात दीर्घ, आणि आपल्या देवनागरीने इथे साथ सोडलेली. ‘पाचव्या वर्षीसुद्धा सिसिलीची जनगणना होते’ असं भाषांतर बघितलंय मी. आधी क्रमवाचक आणि नंतर पंचमीतलं नाम, असं सँडविच दिसलं की ते ‘दर’ आहे, सुद्धा नाही. आणि गणित म्हणजे रोमन लोक दोन्ही टोकं मोजायचे, त्यामुळे ‘दर पाचव्या वर्षी’ हे आपल्या हिशोबाने दर चार वर्षांनी.

क्विस्क्वे वर जास्त जोर दिला की होतं ऊनुस्क्विस्क्वे, आणि इथे कापायचा नियम थोडा वाढवावा लागतो, कारण ऊनुस् पण जिवंत आहे. ऊनुस् चालतो, क्विस् चालतो, -क्वे बसून राहतं: ऊनीउस्कुइयुस्क्वे, ऊनीकुइक्वे, ऊनुम्क्वेम्क्वे, ऊनोक्वोक्वे. लांबी बघून घाम फुटतो पण आत नवीन काही नाही. परत मराठीच, ‘ज्याला त्याला’, ‘ज्याच्या त्याच्या’, दोन्ही डबे हलतात. क्विस्क्विस् म्हणजे ‘जो कोणी’, तोही दोन्हीकडून चालतो, पण व्यवहारात क्विस्क्विस्, क्विद्क्विद् आणि पंचमीचं क्वोक्वो एवढंच भेटतं, बाकी रूपं पाठ करण्यात वेळ घालवू नका, त्या जागी लेखक क्वीकुम्क्वे वापरतात, ते साधं आहे, -कुम्क्वे कापा की झालं.

क्विस्क्वम् ची तक्रार वेगळ्या प्रकारची. रूपं सोपी आहेत, क्विस्क्वम्, क्विद्क्वम् किंवा क्विक्क्वम्, कुइयुस्क्वम्, कुइक्वम्, क्वेम्क्वम्, वेगळं स्त्रीलिंग नाही, अनेकवचन नाही. लोक चुकतात ते हे वापरायचं कुठे यात. हे नकारात किंवा नकाराच्या छायेत राहतं, ‘कोणीसुद्धा’ सारखं. आणि नामाबरोबर हवं असेल तर ऊल्लुस् (‘कुठलाही’) घ्यायचं. ‘आणि कोणीही बोललं नाही’ याचं लॅटिन करताना एत् नेमो लिहिलं तर समजेल सगळ्यांना पण रोमन माणूस असं सहसा बोलत नव्हता, तो नकार उचलून ‘आणि’ ला चिकटवायचा, नेक् क्विस्क्वम्. तसंच ‘आणि काहीही नाही’ ला नेक् क्विक्क्वम्.

आता ऊल्लुस् चं नाव निघालंच आहे तर त्याच्या घराण्याचं पण बघून घ्या: ऊल्लुस्, नूल्लुस्, अलिउस्, अल्तेर्, उतेर्, नेउतेर्, आणि त्यांच्यासोबत ऊनुस्, सोलुस्, तोतुस्. चेहऱ्याने हे बोनुस् सारखे दिसतात म्हणून सगळे त्यांना बोनुस् सारखंच चालवतात, षष्ठीत नूल्ली आणि स्त्रीलिंगात नूल्लाइ. खरी षष्ठी नूल्लीउस्, चतुर्थी नूल्ली, तिन्ही लिंगांत सारखी, म्हणजे परत कुइयुस्-कुइ चाच साचा. लंडनच्या रॉयल सोसायटीचं बोधवाक्य आहे नूल्लीउस् इन् वेर्ब, कोणाच्याही शब्दावर विसंबू नये अशा अर्थाचं, आणि मुंबईच्या गोदीतले इंजिनिअर अर्देशीर करसेटजी वाडिया १८४१ मध्ये तिथे फेलो झाले, पहिले भारतीय. षष्ठी आठवत नसेल तर ते बोधवाक्य आठवा. अलिउस् मध्ये दोन खोड्या: नपुंसक अलिउद् आहे, अलिउम् नाही, आणि षष्ठी बहुतेक सगळे अल्तेरीउस् कडून उसनी घेतात, कारण स्वतःची अलीउस् प्रथमेसारखीच दिसते. नेमो सुद्धा उसनवारीवरच जगतो: नेमो, नेमिनेम्, नेमिनी स्वतःचे, षष्ठी नूल्लीउस् आणि पंचमी नूल्लो घरातल्या दुसऱ्याकडून. लॉ करणाऱ्यांनी नेमो दत् क्वोद् नोन् हबेत् पाठ केलेलं असतं, जे स्वतःकडे नाही ते कोणी देऊ शकत नाही, त्यातलं क्वोद् मात्र ‘जे’ आहे, या पोस्टशी त्याचा संबंध नाही, उगाच अनिश्चित समजू नका.

क्वीवीस् आणि क्वीलिबेत् बद्दल फार काही नाही. वीस् म्हणजे ‘तुला हवा तो’, लिबेत् म्हणजे ‘आवडेल तो’, दोन्ही गोठलेली क्रियापदं, म्हणून हलत नाहीत. अर्थ ‘कोणीही, वाट्टेल तो’. सिसेरोचं एक वाक्य दोन रूपांसाठी पुरतं, कुइयुस्वीस् होमिनिस् एस्त् एर्रारे, नूल्लीउस् निसि इन्सिपिएन्तिस् इन् एर्रोरे पेर्सेवेरारे, चूक कोणाचीही होते, चुकीला चिकटून राहणं मूर्खाखेरीज कोणाचं काम नाही. दोन्ही षष्ठ्या, एक कापून चालवलेली, एक घराण्याची.

एवढं सगळं करूनही रूप डिक्शनरीत सापडत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे छपाई. बऱ्याच आवृत्त्यांमध्ये व साठीही उ चंच अक्षर छापतात, त्यामुळे क्वीवीस् हे क्वीउईस् असं काहीतरी अगम्य दिसतं आणि सर्च केलं की शून्य रिझल्ट. तिथे व घालून परत शोधा. आणि क्वेन्दम् किंवा कुइक्वे हे शब्द छापील कोशात त्या नावाने मिळणारच नाहीत, क्वीदम् आणि क्विस्क्वे खाली बघायचं, हे कोणी सांगत नाही आणि लोक पानं उलटत बसतात. दुसरी शक्यता म्हणजे जुनं रूप. प्लाउतुस् सारख्या नाटककाराचं जुनं नाटक वाचत असाल तर कुइयुस् च्या जागी क्वोइयुस् आणि कुइ च्या जागी क्वोइ दिसेल. आणि कवितेत, किंवा सॅलस्टसारख्या जुनाट ढंगाने लिहिणाऱ्याच्या गद्यात, क्वीस् असं दीर्घ ई चं रूप आलं आणि प्रथमा लावून वाक्य काही केल्या जमत नसेल, तर ते ‘कोण’ नाहीच, ते क्विबुस् चं आखूड रूप आहे, चतुर्थी-पंचमी अनेकवचन लावून परत वाचा.